बडोद्यात बेकरीची फ्रँचायझी: रोजचं गिऱ्हाईक कशाने बांधलं जातं?

विश्वामित्री_काठ

मंडळी नमस्कार. मांजलपूरला २५० चौरस फुटांचा गाळा आहे, भाडं महिना २८,०००. एका बेकरी साखळीची फ्रँचायझी घ्यायचा विचार चालू आहे. फर्निचर, यंत्रं, अनामत आणि फी धरून १५ लाख लागतील. माल त्यांच्या कारखान्यातून रोज पहाटे येणार, दुकानात फक्त पफ भाजायची छोटी भट्टी. विक्रीवर २८ टक्के मार्जिन, न खपलेला माल परत घेत नाहीत. कंपनीचा माणूस सांगतो, केक चालले की दुकान चाललं. आसपासच्या सोसायट्यांतले लोक रोज आपल्याकडेच यावेत म्हणून नेमकं काय लागतं आणि अशी दुकानं बसतात कशामुळे, हे जाणकारांनी सांगावं.

ताळेबंद

आधी आकडे कागदावर मांडा, मग बाकीचं. दिवसाला १२,००० ची विक्री धरू, म्हणजे महिन्याला ३,६०,०००, जीएसटी वगळून. २८ टक्क्यांनी हातात १,००,८०० येतात. त्यातून भाडं २८,०००, दोन पूर्णवेळ आणि एक अर्धवेळ माणूस मिळून ३५,०००, वीज १२,०००, पिशव्या-खोकी-किरकोळ ६,०००. हे झाले ८१,०००. उरले १९,८००.

आता वेस्टेज. विक्रीच्या ३ टक्के माल फुकट गेला तर खरेदीच्या भावाने ७,७७६ रुपये जातात आणि हातात १२,०२४ राहतात. वेस्टेज ८ टक्क्यांवर गेलं तर २०,७३६ जातात आणि तुम्ही ९३६ रुपये तोट्यात. गाळा तोच, माणसं तीच, गिऱ्हाइकंही तेवढीच. फरक फक्त रात्री काचेआड उरलेल्या मालाचा. उलट विक्री दिवसाला १५,००० झाली आणि वेस्टेज ३ टक्क्यांवरच राहिलं तर ३५,२८० उरतात. विक्री सव्वापट झाली की शिल्लक जवळजवळ तिप्पट होते, कारण भाडं आणि पगार वाढत नाहीत.

म्हणून माल परत घेणार नाही हे कलम तुमच्या प्रस्तावातलं सगळ्यात महाग कलम आहे. २८ टक्के आणि परतावा नाही, यापेक्षा २४ टक्के आणि ब्रेड-पाव-पेस्ट्रीचा निम्मा परतावा हा सौदा पहिल्या वर्षी बरा पडू शकतो. दोन्ही बाजूंनी हिशेब करून बघा.

करांचंही लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून केक, पेस्ट्री, बिस्किटांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. ब्रेडवर आधीपासून शून्य आहे. फ्रँचायझी फीवर आणि रॉयल्टीवर मात्र १८ टक्के लागतो, आणि करमुक्त ब्रेडच्या विक्रीच्या प्रमाणात त्याचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) सोडून द्यावं लागतं. १५ लाखांत हा १८ टक्के धरलाय का, ते आधी विचारा.

भट्टीवाला

केक चालले की दुकान चाललं, हे अर्धसत्य आहे. घरात वाढदिवस वर्षाला तीन-चार. पाव, ब्रेड, खारी, टोस्ट हे दर दोन दिवसांनी लागतात. ज्या दुकानाचा पाव चांगला तिथेच केकची ऑर्डर जाते, कारण त्या दुकानाची पायवाट पडलेली असते. बडोद्यात तर रविवारी सकाळी सेव उसळीसाठी पाव लागतोच. साडेआठला आलेल्या माणसाला पाव संपला असं सांगितलंत, तर पुढच्या रविवारी तो थेट दुसरीकडे जाईल.

माल कारखान्यातून येणार असला तरी तो कसा तयार होतो हे तुम्हाला कळलं पाहिजे. सही करण्याआधी पहाटे तीन-चारला कारखाना बघायला मागा. नाही म्हणाले तर तिथेच थांबा.

बघायचं काय? पहिलं, कणीक मळताना थर्मामीटर वापरतात का. पावाची कणीक मिक्सरमधून निघताना २६ ते २८ अंशांवर असावी. बडोद्याच्या मे महिन्यात हे बर्फाशिवाय जमत नाही. हिशेब साधा आहे: मैदा, खोली आणि पाणी अशा तीन गोष्टी मोजायच्या, म्हणून २७ ची तिप्पट ८१. त्यातून मैदा ३६, खोली ३८ आणि मिक्सरच्या घर्षणाचे १० वजा करा. येतात उणे ३. म्हणजे पाणी उणे ३ अंशांचं हवं, जे बर्फ घालूनच साधतं. १० किलो मैद्याला ६ लिटर पाणी लागतं आणि नळाचं पाणी ३२ अंशांवर असेल, तर त्या सहातलं साधारण १.९ किलो बर्फाच्या रूपात घालायचं. ज्या कारखान्यात बर्फाचं यंत्र नाही, तिथला उन्हाळ्यातला पाव आंबूस, मोठ्या भोकांचा आणि दुसऱ्या दिवशी भुगा होणारा निघतो. कणीक गरम झाली की यीस्ट धावत सुटतं, साखर संपवतं, आणि मग पावाला रंगही धरत नाही.

दुसरं, भाजल्यावर माल किती वेळ गार करतात. ब्रेडचा गाभा ३५ अंशांपर्यंत उतरायला दीड-दोन तास लागतात, लादीला पाऊण तास. गाडी निघायची घाई म्हणून गरम पाव पिशवीत भरला की पिशवीला आतून थेंब धरतात. अशा पावाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बुरशी दिसते, आणि बोलणी दुकानदाराला बसतात.

तिसरं, मैदा आणि इम्प्रूव्हरच्या (पाव सुधारायला कणकेत घालायच्या पुडीच्या) पोत्यांवरची लेबलं. पोटॅशियम ब्रोमेटवर आपल्याकडे २०१६ पासून बंदी आहे. चरबीतल्या ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२२ पासून २ टक्के आहे.

पावाची परीक्षा हाताने होते. लादीतला पाव ओढून सोडवा. बाजू रेशमासारख्या तंतूंनी सुटली पाहिजे. भुगा पडला तर मळणी कमी झाली आहे किंवा पाव शिळा आहे. अंगठ्याने दाबा, दोन सेकंदांत वर आला पाहिजे. मग नाकाशी धरा. गव्हाचा गोडसर वास यावा. बिअरसारखा वास आला तर आंबणं हाताबाहेर गेलंय.

सुरसागर

जागेबद्दल थोडक्यात. संध्याकाळी लोक ज्या बाजूने घरी परततात त्या बाजूला दुकान हवं. सकाळी ऑफिसला जाताना कोणी पेस्ट्री घेत नाही आणि संध्याकाळी दुभाजक ओलांडून ब्रेड घ्यायलाही कोणी येत नाही. समोर चार-पाच दुचाकी लावायला जागा हवी. नसेल तर भाडं कितीही कमी असो, सोडून द्या. मंगळवार, शनिवार आणि रविवार, सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ५ ते ९, हातात मोजणी-यंत्र घेऊन उभे राहा. नुसती जाणारी माणसं मोजू नका. शेजारच्या किराणा किंवा दुधाच्या दुकानात थांबणारी मोजा, तीच तुमची गिऱ्हाइकं. दूध केंद्राच्या शेजारचा गाळा बेकरीला सोन्यासारखा, कारण दूध घ्यायला माणूस रोज येतोच.

मांडवीकर

बडोद्यात धंदा करायचा तर एगलेस या शब्दाला धक्का लागता कामा नये. दुकान पूर्ण एगलेस ठेवा आणि तसं ठळक लिहा. एका काचेत एगलेस आणि शेजारच्या काचेत अंड्याचे केक ठेवले, तर दोन्ही प्रकारचं गिऱ्हाईक साशंक राहतं. कायद्याने अंडं असलेल्या मालावर मांसाहारी खूण लागते हेही माहीत असू द्या.

खरी चूक अंड्यात होत नाही, जिलेटिनमध्ये होते, जे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. मूस, जेली, मार्शमेलो, चकाकणारं ग्लेझ, सजावटीच्या गोळ्या यांत जिलेटिन असू शकतं. कंपनीकडून प्रत्येक पदार्थाची घटकयादी लेखी मागा आणि काउंटरवर फाइल ठेवा. कुणा आजींनी विचारलं की मुलीने फाइल उघडून दाखवावी. ‘नसेल बहुतेक’ हे उत्तर या गावात चालत नाही.

जैन घरांसाठी बटाटा-कांदा-लसूण नसलेला पफ रोज हवा. कच्ची केळी, मटार, ढोबळी मिरची किंवा पनीर असं सारण चालतं. त्याचा ट्रे आणि चिमटा वेगळा. त्याच चिमट्याने आलू पफ उचलताना दिसला, तर ते घर परत येत नाही, आणि त्या सोसायटीतली आणखी चार घरंही येत नाहीत.

एगलेस स्पंज अंड्याच्या स्पंजपेक्षा लवकर कोरडा पडतो. अर्धा किलोच्या केकला साधारण ८० ते १०० मिली पाक थरांवर सारखा शिंपडलेला असावा. कमी झाला तर दुसऱ्या दिवशी घशात अडकतो, जास्त झाला तर खालचा थर बसतो आणि खोक्याला ओल येते.

विश्वामित्री_काठ

खूप उपयोगी. ताळेबंद, वेस्टेजचा आकडा वाचून पोटात गोळा आला. मग रोजची ऑर्डर ठरवायची कशी? कंपनीचा माणूस म्हणतो, काच भरलेली दिसली की विक्री वाढते.

ताळेबंद

काच भरलेली दिसावी हे खरं, पण ती कुणाच्या पैशाने भरायची हा प्रश्न आहे. कंपनी तुम्हाला माल विकून मोकळी होते. तुमच्या रात्रीच्या उरलेल्या ट्रेची तिला झळ लागत नाही.

लादी ४० ला विकली जाते असं धरू. तुम्हाला पडते २८.८० ला. एक उरली तर २८.८० गेले, एक कमी पडली तर ११.२० हुकले. उरलेल्या एका लादीचं नुकसान भरायला अडीचहून जास्त लाद्या विकाव्या लागतात. म्हणून थोडं कमी मागवणं नेहमी शहाणपणाचं.

वही अशी ठेवा: प्रत्येक पदार्थापुढे आलेले नग, संपायची वेळ, रात्री उरलेले नग, आणि संपल्यावर किती जणांनी विचारलं. शेवटचा रकाना कोणी भरत नाही आणि तोच सगळ्यात कामाचा. सोमवारची तुलना सोमवारशी करा, रविवारची रविवारशी. गेल्या चार सोमवारांपैकी तीन वेळा माल रात्री ८ च्या आत संपला तर १० टक्के वाढवा. दोन वेळा ५ टक्क्यांहून जास्त उरला तर १० टक्के कापा. अंदाजाने काही करू नका.

भट्टीवाला

ताळेबंद, हिशेब बरोबर आहे पण पावाला लावू नका. पाव घ्यायला आलेला माणूस बरोबर खारीचं पाकीट, मुलांसाठी पफ, चहाला टोस्ट घेतो. पाव नाही म्हटल्यावर तुमचे ११.२० जात नाहीत, ७०-८० रुपयांचं सगळं बिल जातं. तीन वेळा तसं झालं तर माणूसच जातो. पाव आणि साधा ब्रेड रात्री ८ पर्यंत असलाच पाहिजे, चार लाद्या उरल्या तरी चालतील. पेस्ट्री संपली तर संपू द्या. चॉकलेट ट्रफल नसेल तर माणूस पाइनॅपल घेतो. पावाऐवजी दुसरं काही घेत नाही.

ताळेबंद

हे पटलं. मग नियम असा करू: पाव आणि ब्रेड या दोन पदार्थांसाठी ५ टक्के जास्तीची मुभा, बाकी सगळ्याला वरचा कडक हिशेब. पेस्ट्री आणि तयार केकचे प्रकार आठ-दहाच्या वर नकोत, बाकीचे केक आदल्या दिवशीच्या ऑर्डरवर. आणि कंपनीकडे दुपारी साडेतीन-चारची दुसरी गाडी मागा. दोन फेऱ्यांत माल आला तर सकाळचा अंदाज चुकला तरी दुपारी सावरता येतो, आणि संध्याकाळचा पाव खरोखर ताजा असतो. ही दुसरी गाडी मिळत असेल तर मार्जिनचा एक टक्का सोडायलाही हरकत नाही.

भट्टीवाला

दुसऱ्या गाडीला शंभर टक्के पाठिंबा. दुकानाबाहेर पाटी लावा: ‘ताजा पाव सकाळी ६:३० आणि दुपारी ४:३०’. ती वेळ पाळा. पाच मिनिटं उशीर झाला तरी लोक ताटकळतात, पण येतात. आठवड्यात दोनदा अर्धा तास उशीर झाला की पाटीवरचा विश्वास उडतो.

उरलेल्या पावाबद्दल. कालचा पाव आजच्या ढिगात कधीही मिसळू नका. वेगळ्या टोपलीत, ‘कालचा’ असं लिहून, कमी भावात. लोक आनंदाने घेतात, ब्रेड पकोड्याला आणि कटलेटच्या चुऱ्याला तो बराच बरा. मिसळलेला एक पाव पकडला गेला तर ताजे पन्नासही शिळे ठरतात.

आणि पाव फ्रिजमध्ये ठेवू नका. शून्य ते पाच अंशांत ब्रेड सगळ्यात लवकर शिळा होतो, स्टार्च घट्ट होतो म्हणून. बाहेर, सावलीत, बंद पिशवीत. उन्हाळ्यात एक रोग मात्र ओळखायला शिका: ब्रेडचा मधला भाग चिकट होतो, दोन बोटांनी ओढला तर कोळ्याच्या जाळ्यासारखी तार निघते आणि वास अतिपिकलेल्या खरबुजाचा येतो. या रोगाचा जिवाणू मातीतून मैद्यात येतो. त्याचे बीजाणू भाजताना मरत नाहीत, कारण ब्रेडचा गाभा शंभर अंशांच्या वर जातच नाही. गार व्हायला वेळ लागला की ते फोफावतात. कारखान्यात किलो मैद्यामागे २ ते ३ ग्रॅम कॅल्शियम प्रोपिओनेट (ब्रेड टिकवणारं द्रव्य) आणि व्हिनेगरने धुतलेली टेबलं हा उपाय. तुमच्या दुकानात असा एक ब्रेड सापडला तर त्या दिवसाचा सगळा ब्रेड काढून टाका, मांडणीची फळी व्हिनेगरने पुसा आणि कंपनीला फोटोसह त्याच दिवशी कळवा.

थंडपेटी

दुकानातल्या भट्टीबद्दल आणि चिलरबद्दल लिहितो, कारण उन्हाळ्यात केकची दुकानं इथेच मार खातात.

पफ गोठलेले येतात, उणे १८ अंशांवर ठेवायचे. काढल्यावर २०-३० मिनिटं सुटू द्या, मग आधीच २०० अंशांना तापलेल्या भट्टीत २२ ते २५ मिनिटं. दोन चुका नेहमीच्या. मे महिन्यात ट्रे तासभर बाहेर राहतो, थरांमधली चरबी वितळून मैद्यात मुरते आणि पफ पावासारखा होतो. किंवा भट्टी पुरती तापायच्या आत ट्रे आत जातो, तेव्हाही तेच. पफ फुगतो तो थरांमधल्या पाण्याच्या वाफेने, आणि वाफ झटक्यात व्हायला हवी. एकदम साठ भाजू नका. ८, ११:३०, ४:३० आणि ६:३० ला बारा-पंधराच्या घाण्या काढा. संध्याकाळच्या दोन घाण्यांचा वास रस्त्यावर गेला की वेगळी जाहिरात लागत नाही, एग्झॉस्टचं तोंड तेवढं मागच्या गल्लीत काढू नका.

चिलरचं तापमान २ ते ५ अंश. यंत्रावरच्या आकड्यावर विसंबू नका, वरच्या फळीच्या कोपऱ्यात वेगळा थर्मामीटर ठेवा. दाराच्या रबराची परीक्षा: नोट अडकवून दार बंद करा आणि ओढा. सहज निघाली तर रबर गेलंय. मागच्या कंडेन्सरवर मैद्याची धूळ आणि तेलकटपणा बसतो, दर पंधरा दिवसांनी ब्रशने साफ करा. भिंतीपासून सहा इंच लांब ठेवा. पश्चिमेचं ऊन काचेवर येत असेल तर चिलर कितीही भारी असो, मे महिन्यात दुपारी क्रीम घाम सोडणारच.

वीजभार आधी मोजा. भट्टी ६ किलोवॅट, एसी २, चिलर १, डीप फ्रीझर आणि दिवे मिळून आणखी १. म्हणजे १० किलोवॅटचा थ्री फेज जोड मागावा लागेल. मध्य गुजरात वीज कंपनीकडे अर्ज गाळा घेण्याआधी घरमालकाच्या संमतीने करून ठेवा. दुकान सजून तयार आणि जोड मिळालेला नाही, असं झालं की भाडं चालूच राहतं. वीज गेली तर चिलर उघडू नका, तासभर माल टिकतो. कॉम्प्रेसर सुरू होताना कितीतरी पट करंट खेचतो, त्यामुळे घरगुती इन्व्हर्टरवर तो टाकायच्या भानगडीत पडू नका. इन्व्हर्टर बिलाच्या यंत्राला आणि दिव्यांना.

करारनामा

आपल्याकडे फ्रँचायझीचा वेगळा कायदा नाही. भारतीय करार अधिनियम १८७२ आणि ट्रेडमार्क अधिनियम १९९९ यांवरच सगळं चालतं. म्हणजे कागदावर जे लिहिलं तेच तुमचं संरक्षण, तोंडी आश्वासनाला हात लावायला जागा नाही.

ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर नाव शोधा. बेकरी माल वर्ग ३० मध्ये येतो. नोंदणी झाली आहे, की नुसता अर्ज पडून आहे, की कुणी आक्षेप घेतलाय, ते दिसतं. नावच त्यांचं नसेल तर तुम्ही १५ लाख कशाचे देताय?

क्षेत्राचं कलम नुसतं ‘मांजलपूर’ असं नको. नकाशावर दीड-दोन किलोमीटरचं वर्तुळ काढून जोडा, आणि त्यात कंपनीचं स्वतःचं दुकान, किऑस्क आणि घरपोच ॲपवरची विक्री हे तिन्ही येतात असं स्पष्ट लिहून घ्या. भांडणं बहुतेक ॲपवरूनच होतात. ॲपचं कमिशन २५ टक्के असेल तर तुमच्या २८ मधले ३ उरतात. ॲपवर वेगळा भाव लावायची परवानगी किंवा कंपनीने कमिशनचा वाटा उचलणं, यातलं एक कागदावर हवं.

बाकी: भाववाढीची आगाऊ सूचना किती दिवसांची, किमान ऑर्डरची सक्ती आहे का, यंत्रं त्यांच्याकडूनच घ्यायची असतील तर मेक आणि किंमत यांची यादी (बाजारभावाशी ताडून बघा), करार संपल्यावर काच, चिलर, भट्टी कुणाची, अनामत किती दिवसांत परत. करार संपल्यावर तीन वर्षं बेकरी काढायची नाही, असं कलम घालतात. करार अधिनियमाच्या कलम २७ मुळे करार संपल्यानंतरची अशी बंदी साधारणपणे टिकत नाही. तरी ते काढायला लावा, नोटिशीचा त्रास कुणाला हवाय.

अन्न परवाना तुमच्या जागेचा, तुमच्या नावाचा वेगळा लागतो. कंपनीचा परवाना दुकानाला पुरत नाही. १४ आकडी नंबर बिलावर छापणं १ जानेवारी २०२२ पासून सक्तीचं आहे. शिवाय महापालिकेकडे दुकान कायद्याखालची (गुमास्ता) नोंद आणि तोलकाट्याचं पडताळणी प्रमाणपत्र.

मांडवीकर

तोलकाट्यावरून आठवलं. केकचं वजन खालचा पुठ्ठा आणि खोकं सोडून भरलं पाहिजे. गिऱ्हाइकासमोर रिकामा पुठ्ठा काट्यावर ठेवा, शून्य करा, मग केक. ही दहा सेकंदांची कृती समोरच्याला दिसते, आणि केकचा भाव विचारणं त्यानंतर कमी होतं.

केकवरचं नाव. आपल्याकडे एकाच नावाची मराठी, गुजराती आणि इंग्रजी अशी तीन रूपं येतात. ऋग्वेद, रुग्वेद, की इंग्रजी? ऑर्डरच्या चिठ्ठीवर गिऱ्हाइकाला स्वतःच्या हाताने लिहायला द्या आणि ती चिठ्ठी केकबरोबर भट्टीपासून खोक्यापर्यंत फिरू द्या. लिहिणाऱ्याच्या कोनाचं (क्रीम भरायच्या पुंगळीचं) भोक दीड-दोन मिलिमीटरचं असावं, केक चिलरमधून नुकता काढलेला असावा, मऊ क्रीमवर अक्षर पसरतं. जोडाक्षरं आधी बटर पेपरवर एकदा गिरवून घ्यावीत. आजोबांच्या पंचाहत्तरीच्या केकवर नाव चुकलं तर पैसे परत देऊनही ती संध्याकाळ परत येत नाही.

तक्रार आली की वाद घालायचा नाही. बिल मागायचं नाही. पाव बदलून द्यायचा, तारीख आणि बॅच वहीत लिहायची आणि उद्या फोन करून विचारायचं, आजचा बरा होता का. एका लादीची किंमत काय आणि त्या घराची वर्षाची खरेदी काय, ते ताळेबंद सांगतीलच.

ताळेबंद

आठवड्याला ३०० म्हटले तरी वर्षाला १५,६००. लादी २८.८० ची.

सुरसागर

सणांची वहीही वेगळी ठेवा. पर्युषणात जैन घरांतला ब्रेड जवळजवळ थांबतो, ऑर्डर आधीच कापा. शीतळा सातमला चूल पेटवत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी खारी-टोस्ट-बिस्किटं जास्त मागवा. नवरात्रात दिवसा उपवासामुळे पाव मंदावतो आणि गरब्याहून परतणाऱ्यांसाठी रात्री पफ लागतात, तेव्हा एक घाणी उशिराची. दिवाळीला केक पडतो, नानखटाईची खोकी चालतात. उत्तरायणाला १४ आणि १५ जानेवारीला लोक गच्चीवर असतात आणि उंधियू-जिलबी खातात, केकची ऑर्डर कमी ठेवा.

विश्वामित्री_काठ

एक शंका राहिली. पावसाळ्यात खारी मऊ पडते त्याचं काय? आणि कंपनीची बाकीची दुकानं बरी चालतात की नाही, हे बाहेरून कसं ओळखायचं?

भट्टीवाला

खारी दोन कारणांनी मऊ पडते. हवा लागून, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरं कारण आतलं. खारी आधी जास्त आचेवर फुलवतात आणि मग १४०-१५० अंशांवर बराच वेळ वाळवतात. भट्टी मोकळी करायच्या घाईत हे वाळवणं आटोपतं घेतलं की मधल्या थरांत ओल राहते. दोन दिवसांत ती बाहेरच्या थरांत येते आणि बंद पाकिटातली खारीही वातड लागते. म्हणून खारी मधोमध मोडा. टोकापासून मध्यापर्यंत सारखा कट आवाज आला पाहिजे. मधला थर पिवळट, वाकणारा असेल तर ती अर्धी कच्ची आहे. खाल्ल्यावर टाळूला मेण चिकटल्यासारखं वाटलं तर थरांतली चरबी तोंडाच्या उष्णतेला वितळत नाही असा अर्थ.

जून ते सप्टेंबर सुटी खारी काचेच्या बरणीतून विकू नका. बरणी दिवसात पन्नास वेळा उघडते. २०० ग्रॅमची बंद पाकिटं ठेवा. हवेने मऊ पडलेली खारी १५० अंशांवर सहा-आठ मिनिटं भाजून, पूर्ण गार करून परत भरता येते. खवट वास आला असेल तर टाकून द्या, भाजल्याने खवटपणा जात नाही.

बाकीची दुकानं ओळखायची तर मंगळवारी किंवा बुधवारी रात्री साडेआठला जा, शनिवारी नको. काचेत किती प्रकार उरलेत आणि पाव आहे का, ते बघा. पेस्ट्रीच्या कडेला क्रीम कोरडं होऊन भेगा पडल्या असतील तर ती कालची आहे. ओळखीचं गिऱ्हाईक आल्यावर काउंटरवरचा मुलगा न विचारता काय पुढे करतो, तेही दिसतं. मग एकाच दिवशी तीन वेगळ्या दुकानांतून खारी, ब्रेड आणि लादी घ्या, घरी शेजारी शेजारी मोडून बघा. तिन्हींत फरक असेल तर कारखान्यातूनच माल सारखा निघत नाही. ब्रेड छापलेल्या तारखेपर्यंत स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवा आणि रोज उघडून वास घ्या.

विश्वामित्री_काठ

सगळ्यांचे मनापासून आभार. बुधवारी रात्री त्यांची तीन दुकानं बघतो आणि शनिवारी पहाटे कारखाना दाखवायला सांगतो, थर्मामीटर घेऊन जाईन. परतावा, दुपारची गाडी आणि ॲपचं कलम, ही तीन उत्तरं लेखी आल्याशिवाय टोकन देत नाही. काय मिळतं ते इथेच कळवतो.